वेळण्याला लागलेली झोप

सुदेश डोर्लेकर दुपारचा झोपायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोला आधी बरंच वाटलं.

सुदेश म्हणजे नुसता निखारा होता. खाडीच्या मुखाशी वसलेलं वेळणे हे मासेमारी करणाऱ्या खारव्यांचं गाव, आणि गावातर्फे तोंड उघडून बोलणारा माणूस म्हणजे सुदेश. खाडीच्या वरच्या अंगाला औषधांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरा विषयच नव्हता. त्याने मोर्चे काढले, हमरस्त्यावर जाळी पसरून टँकर अडवले, दोनदा कोठडीत जाऊन आला. घरी असला तरी तो घरात नसायचा. जेवता जेवता कारखान्याचं काहीतरी आठवायचं आणि ताट सारून तो उठायचा. मागे दर्शना आणि मुलगी मनवा एकमेकींकडे बघत मुकाट्याने घास गिळायच्या. दर्शनाचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याच्या रागाची तिला भीतीही वाटायची. इतक्या वर्षांत ह्या दोन गोष्टी वेगळ्या करायचं तिने सोडून दिलं होतं.

त्या हिवाळ्यात मात्र तो निवळला. जेवण झालं की पडवीत चटई टाकून आडवा व्हायचा आणि चहाच्या वेळेला हसत उठायचा. अंगणात बसून दर्शनाबरोबर तिसऱ्या, म्हणजे चिखलातले शिंपले, उघडू लागला. विळीवर तिच्या हाताला चिरा पडायच्या, म्हणून तिला बाजूला सारून स्वतः बसायचा. आपल्या आज्याने शिडाच्या होडीतून मंगळूर गाठलं होतं ती गोष्ट त्याने मनवाला सांगितली. मनवा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, सुट्टीवर आली होती. ती आईला हळूच म्हणाली, की बाबांना एवढं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. दर्शनाने देवापुढे नारळ ठेवला. संसाराची इतकी वर्षं गेल्यावर आपल्याला नवरा मिळाला, असं तिला वाटलं.

गावात मासळी उरली नव्हती. समुद्र तापला तसा बांगडा उत्तरेला सरकला, आणि जे काही उरलं ते मोठ्या बोटींच्या पोटात गेलं. गावाला आधार होता तो खाडीच्या चिखलातल्या तिसऱ्यांचा. ओहोटी लागली की बाया टोपल्या घेऊन चिखलात उतरायच्या. सुकं, आमटी, भातात घालून, जमेल तसं सगळं गाव रोज तिसऱ्याच खायचं. तालुक्याच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून त्या गावातच राहायच्या.

मग एके दिवशी सुदेशची होडी खडकावर चढली. भर दिवसा, वारा पडलेला, पाणी आरशासारखं. सुकाणूवर बसल्या बसल्या त्याला झोप लागली होती. होडीची एक बाजू फाटली. तो पोहत काठाला आला, ओल्या अंगानेच पडवीत बसला आणि म्हणाला, "गेली. बांधू दुसरी कधीतरी."

होडी त्याच्या बापाने बांधलेली होती. दर्शनाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे दुःख नव्हतं, आणि दुःख लपवल्याची खूणही नव्हती.

त्यानंतर ती आजूबाजूला बघू लागली आणि तिला सगळं दिसू लागलं. वाण्याच्या दुकानात वाणी पोत्याला टेकून पेंगत असायचा. गिऱ्हाईक आपल्या हाताने साखर मोजून घ्यायचं आणि तिथेच पायरीवर बसून डोळे मिटायचं. शाळेत गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे ते उभेच. तिची सासू, जी सुनेच्या हातून मीठ जरा जास्त पडलं तर सात घरांना ऐकवायची, ती आता आळणी आमटीही गोड मानून घ्यायची. भांडणं बंद झाली होती. बांधावरून, नळावरून, देवळातल्या मानावरून होणारी सगळी भांडणं. बाहेरून येणारा पाहुणा म्हणायचा, काय शांत गाव आहे.

हे कोडं सोडवलं ते तहसीन मुकादम यांनी. त्या मत्स्य महाविद्यालयात शिकवायच्या आणि वेळण्याला आल्या होत्या त्या पक्ष्यांसाठी. थंडीत उत्तरेकडून येणारे पाणपक्षी उन्हाळा तापला तरी खाडी सोडून गेले नव्हते. चिखलात एका पायावर उभे राहून डुलक्या घेत होते, कुत्री त्यांना सहज धरत होती. तहसीनबाईंनी पक्षी तपासले, मग ते खातात त्या तिसऱ्या तपासल्या, आणि मग घरोघर जाऊन माणसांचं रक्त मागितलं. कोणी नाही म्हटलं नाही. बाही वर करून देताना एक म्हातारा सुई टोचायच्या आधीच झोपला.

निकाल आले तेव्हा त्या दर्शनाच्या घरी आल्या, कारण सगळ्या गावात प्रश्न विचारणारी तीच एक बाई होती. तिने दिलेला चहा तसाच ठेवून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

वरच्या कारखान्यात शमोरिन नावाचं औषध बनत होतं. शहरांत माणसं जागी राहायला शिकली होती आणि झोपायला विसरली होती. तिघांतल्या एकाला रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे. त्यांच्यासाठी हे औषध म्हणजे अमृत होतं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, धोका दिसला की घंटा वाजवणारा. शमोरिन त्या घंटेवर हात ठेवतं. त्याबरोबर मेंदूच्या बुडाशी असलेल्या, माणसाला जागं ठेवणाऱ्या पेशींचाही जोर ओसरतो. काळजी जाते आणि पाठोपाठ झोप येते. शहरातला माणूस तीन दिवसांतून एकदा झोपताना एक बारीक गोळी घेतो, आणि त्याचं यकृत पुढच्या दोनेक दिवसांत ती मोडून टाकतं.

"पण हे मोडणं फक्त यकृतालाच जमतं," त्या म्हणाल्या. औषध टिकाऊ व्हावं म्हणून त्याचा रेणू असा काही घट्ट बांधला होता, की कारखान्याच्या शुद्धीकरणाच्या टाकीतल्या जिवाणूंना तो फोडता येत नव्हता, उन्हाला नाही, खाऱ्या पाण्यालाही नाही. धुतलेल्या भांड्यांचं पाणी, गळती, सांडलवंड, सगळं खाडीत येत होतं. पाण्यात ते इतकं कमी होतं की मोजायला नवं यंत्र मागवावं लागलं. पण तिसरी पोट भरते ती पाणी गाळून. एकेक तिसरी दिवसभरात घागरीघागरीने पाणी गाळते आणि त्यातलं शमोरिन आपल्या मांसात ठेवून घेते. दोन वेळा ताटभर तिसऱ्या म्हणजे रोज एक गोळी, कधी दोन. आधीची उतरायच्या आत पुढची.

कारखान्याने मर्यादा ओलांडली होती का, असं दर्शनाने विचारलं. औषध इतकं नवं होतं, की पाण्यात ते किती असावं याची मर्यादाच अजून ठरली नव्हती. त्यामुळे ती ओलांडलीही गेली नव्हती.

"मग मी कशी जागी? मीही तेच खाते."

"तुमच्या रक्तात ते जवळजवळ नाहीच," तहसीनबाई म्हणाल्या. "काही माणसांच्या यकृतात ते औषध मोडणारं द्रव्य कितीतरी पट जास्त बनतं. जन्मजात. आईबापांकडून त्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती येतात. तुम्ही खाता आणि दोन तासांत ते संपून जातं. हजारात एखादा असा निघतो."

मनवाच्या रक्तात मात्र शमोरिन होतं. थोडं होतं, कारण ती वसतिगृहातून सुट्टीलाच घरी यायची. दर्शनाने त्याच दिवशी घरातल्या तिसऱ्या परसात पुरल्या. घरातली माणसं मात्र शेजारपाजारी जाऊन खाऊन यायची.

तिला वाटलं होतं, सांगितलं की गाव हादरेल. ती घरोघर गेली. लोकांनी तिला पाट दिला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. कोणी तिला खोटं ठरवलं नाही. "बरोबर हाय तुझं, बाय," म्हणाले. "नाय खाणार." आणि संध्याकाळी त्याच घरांतून सुक्याचा वास आला. दर्शनाने त्यांना पुन्हा गाठलं, मग पुन्हा. हळूहळू तिच्या लक्षात आलं की तिने कितीही सांगितलं तरी उपयोग नाही. विष आहे म्हटल्यावर माणूस ताट लोटतो तो भीतीने. आणि ती भीतीच तर ह्या विषाने खाल्ली होती.

तहसीनबाईंनी सरकारला कळवलं. वरून एक माणूस आला आणि किनाऱ्यावर फलक लावून गेला, की ह्या खाडीतील शिंपले खाऊ नयेत. फलक मोठा होता. बाया चिखलातून वर आल्या की टोपल्या ठेवून त्याच्या सावलीत बसायच्या आणि तिथेच पेंगायच्या.

पुढे कारखान्याच्या विस्ताराची जनसुनावणी आली. औषधाची मागणी वाढली होती, दुसरा विभाग उभा करायचा होता. दर्शनाने सुदेशला सकाळपासून नुसत्या कोऱ्या चहावर ठेवलं, डोक्यावर गार पाणी ओतलं, त्याच्या जुन्या भाषणांचं चित्रीकरण त्याला दाखवलं. ते बघून तो कौतुकाने हसला, जणू पडद्यावरचा तो तापट माणूस कोणी दुसराच होता.

शाळेच्या सभागृहात गाव जमलं. कारखान्याचे अधिकारी सौजन्याने बोलले. सरकारी अधिकाऱ्याने गावाचं म्हणणं विचारलं तेव्हा सगळ्यांनी सवयीने सुदेशकडे पाहिलं. तो उठला. माईक हातात घेतला.

"आमचं म्हणणं असं आहे," तो म्हणाला, आणि थांबला. तो शब्द शोधत होता. एकदा तर त्याच्या कपाळावर जुनी आठी उमटली आणि दर्शना पुढे सरकून बसली. मग त्याला लांबलचक जांभई आली. "म्हणणं असं... की चाललंय ते बरं चाललंय." माईक टेबलावर ठेवून तो बसला, आणि बसल्या बसल्या त्याची मान छातीवर पडली.

मग दर्शना बोलली. होतं नव्हतं ते सगळं बोलली. कारखान्याचं पाणी, तिसऱ्या, रक्ताचे निकाल, फुटलेली होडी. बोलताना तिचा आवाज चिरकला. अधिकाऱ्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्याने विचारलं, आणखी कोणाला काही सांगायचंय का. वर पंखे फिरत होते. रांगारांगांनी माणसं एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपली होती, आणि कुठेतरी मागे कोणीतरी संथ घोरत होतं.

तो अधिकारी काही दुष्ट नव्हता. जाताना तो तिच्यापाशी थांबला आणि ओशाळून म्हणाला, "बाई, तुमची हरकत मी लिहून घेतली आहे. पण मी एवढ्या सुनावण्या केल्या, इतकी समाधानी माणसं कुठे पाहिली नाहीत. मी काय लिहू?"

दुसऱ्या आठवड्यात दर्शनाने घराला कुलूप लावलं. सासूला नणंदेकडे पोचवलं आणि सुदेश नि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलेल्या मनवाला घेऊन ती कोल्हापूरला आपल्या भावाकडे गेली. शमोरिन सुटायला किती दिवस लागतील ते तहसीनबाईंनी सांगितलं होतं, आणि काय होईल तेही सांगितलं होतं. घंटेवर खूप दिवस हात ठेवला की मेंदू तिला आणखी आणखी हळवी करत जातो. हात काढला की ती पहिल्यापेक्षा कितीतरी जोराने वाजते.

पहिले दोन दिवस सुदेश झोपूनच होता. तिसऱ्या दिवशी तो जागा झाला आणि मग झोपलाच नाही. भांडं पडलं तरी तो दचकायचा. तो खोलीत येरझारा घालायचा आणि एकेक गोष्ट त्याला नव्याने कळत जायची. होडी गेली हे त्याला कोल्हापुरात कळलं. तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. मग सुनावणी आठवली. आपण काय बोललो ते त्याने दर्शनाला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तिने खरं ते सांगितलं. त्याने कपाळ भिंतीवर इतक्या जोरात आपटलं, की मेहुण्याने धावत येऊन त्याला धरलं.

मनवाचेही हाल झाले, पण ती तरुण होती आणि तिच्या अंगात ते मुरलं नव्हतं. पहाटे ती आईच्या कुशीत येऊन कुडकुडत पडायची. "आई, वाईट वाटतं गं सगळ्याचं," ती म्हणायची. "पण मला असंच राहायचंय. जागंच राहायचंय." दर्शना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायची.

एका सकाळी सुदेशने चपला घातल्या. दर्शना दारात आडवी उभी राहिली.

"सोड मला," तो म्हणाला. त्याचे डोळे खोल गेले होते, पण नजर लख्ख होती. जुना सुदेश होता तो. "हे काय जगणं हाय? आठ वर्षं लढलो आणि शेवटच्या दिवशी माझ्याच तोंडानं हरलो. डोळे मिटले की तेच, उघडले की तेच. तिथं मी सुखात होतो, दर्शना."

"तुम्ही सुखात नव्हतात. तुम्ही झोपेत होतात."

"मग झोपेत ने मला," तो म्हणाला. "मी पाया पडतो तुझ्या."

तिने त्याला जाऊ दिलं नाही. ती अंघोळीला गेली तेवढ्यात तो गेला.

दर्शनाला त्याच्या मागे जायचं होतं. पण दुसऱ्याच दिवशी मुंबईत तज्ज्ञांच्या समितीपुढे तहसीनबाईंना बोलावणं आलं होतं, आणि गावचं माणूस बरोबर हवं, नाहीतर हे सगळं कागदावरच राहील, असं त्यांनी कळवळून सांगितलं होतं. मनवाने मार्ग काढला. मी बाबांना आणते, ती म्हणाली. माझं ऐकतील ते. सोबत खाणंपिणं नेते, गावातल्या कशाला तोंड लावत नाही, आणि लगेच त्यांना घेऊन परत येते. दर्शनाने थोडा विचार केला. मुलगी शहाणी होती, नर्स होणार होती, सगळं समजून होती. तिने तिला एसटीत बसवून दिलं आणि स्वतः मुंबईची गाडी धरली.

समितीतली माणसं अभ्यासू होती. त्यांनी तहसीनबाईंना बारीक बारीक प्रश्न विचारले आणि त्यांचं काम चोख आहे हे मान्य केलं. मग अध्यक्षांनी चष्मा काढला. कारखाना बंद केला तर लाखो माणसांची झोप एका दिवसात जाईल, ते म्हणाले. त्यात आत्महत्या होतील, अपघात होतील. हेही हिशोबात धरायला हवं. त्यापेक्षा एका गावाने एक पदार्थ खायचा सोडणं सोपं नाही का? दर्शनाने सांगायचा प्रयत्न केला, की ते सोडू शकत नाहीत, सोडायला लागते तीच गोष्ट त्यांच्याकडे राहिलेली नाही. अध्यक्षांनी सहानुभूतीने मान हलवली आणि आणखी अभ्यास करायचं ठरलं.

बाहेर जिन्यात उभं राहून दर्शनाने मनवाला फोन लावला. कालपासून तिचा फोन नव्हता.

"आई," मनवा म्हणाली. आवाज संथ होता, उन्हात पडलेल्या मांजरासारखा. "उद्या येतो आम्ही. नाहीतर परवा."

"तू काय खाल्लंस, मनू?"

"डबा संपला गं. विहिरीचं पाणी प्यायले. आणि बाबांनी आमटी केली होती, एवढ्या प्रेमाने वाढली. थोडीच खाल्ली." मग ती हसली. "इथे बरं वाटतंय, आई. तू कशाला एवढी धावपळ करतेस?"

पाणी. दर्शनाने वळून तहसीनबाईंकडे पाहिलं. विहिरींचं पाणी त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला तपासलं होतं, तेव्हा ते स्वच्छ होतं. पण त्यानंतर कारखाना रात्रंदिवस चालू लागला होता, आणि त्याची गळती विहिरींच्या झऱ्यांपर्यंत पोचली असणार. तहसीनबाईंचा चेहरा पांढरा पडला. दर्शना मिळेल त्या गाडीने निघाली.

ती गावात पोचली तेव्हा ऊन चढलं होतं आणि खाडीला भरती लागली होती. घराचं दार उघडं होतं. सुदेश पडवीत झोपला होता. तिने त्याला गदागदा हलवून मनवा कुठे म्हणून विचारलं. तो डोळे न उघडता म्हणाला, "तिसऱ्या काढायला गेली. बायांबरोबर."

दर्शना किनाऱ्याकडे धावली. बाया वर आल्या होत्या, फलकाच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांची लुगडी कमरेपर्यंत ओली होती. गार पाणी अंगाला लागलं तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि उठून आल्या होत्या. ती एकेकीच्या तोंडापाशी तोंड नेऊन ओरडली. शेजारची सुगंधाकाकू, जिने मनवाला लहानपणी न्हाऊमाखू घातलं होतं, तिच्याकडे बघून गोड हसली.

"होती की मागं. बसली होती जराशी," ती म्हणाली. "येईल म्हटलं."

मनवा संध्याकाळी ओहोटीला सापडली. तिची टोपली कमरेला बांधलेलीच होती.

गावाने सगळं रीतसर केलं. माणसं जमली, तिरडी बांधली, मध्ये मध्ये कोणीतरी बसून डुलकी काढली आणि पुन्हा उठून दोरी आवळली. कोणी हंबरडा फोडला नाही. दर्शनाचा आवाज तेवढा होता, आणि तो सगळ्या गावावरून एकटाच फिरत राहिला. बाया तिच्या पाठीवर हात ठेवायच्या, आणि जरा वेळाने तो हात जड होऊन खाली घसरायचा. सुदेशने चिता पेटवली. "गेली बिचारी," तो म्हणाला. तो तिथेच वाळूवर बसला, आणि मुलगी जळत असताना त्याची मान हळूहळू खाली गेली.

दर्शनाने तेव्हा त्याला मारलं. दोन्ही हातांनी, छातीवर, तोंडावर, दम संपेपर्यंत. त्याने तिचे हात धरले नाहीत. तो तिच्याकडे मायेने बघत होता. त्याला कोल्हापूरला नेलं, दहा दिवस जागं ठेवलं, तर हा माणूस आपल्या शेजारी बसून रडेल, हे तिला ठाऊक होतं. आणि त्यानंतर तो जगणार नाही, हेही ठाऊक होतं. तिने हात खाली घेतले आणि त्याच्या अंगावरची वाळू झटकली.

तहसीनबाई येऊन गेल्या. त्या दारात उभ्या राहून खूप रडल्या, आणि कोणीतरी आपल्याबरोबर रडतंय ह्याचं दर्शनाला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. त्यांची बदली दूर, दुसऱ्या किनाऱ्यावरच्या केंद्रात झाली होती. तुम्हीही चला, त्या म्हणाल्या. दर्शनाने पडवीत झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

बारावं झालं त्या दिवशी दर्शना स्वतः चिखलात उतरली. टोपली भरून तिसऱ्या आणल्या, धुतल्या, उघडल्या, खोबरं वाटून त्यांचं सुकं केलं. सुदेशला वाढलं. मग मोठं ताट घेऊन स्वतः बसली. आपल्या यकृताबद्दल तिला सांगितलेलं सगळं तिच्या लक्षात होतं, पण जीव ऐकत नव्हता. पोटभर झाल्यावरही ती खात राहिली. वरून विहिरीचं पाणी प्यायली, तांब्यावर तांब्या. मग सुदेशच्या शेजारी चटईवर आडवी झाली आणि डोळे मिटून वाट बघू लागली.

दुपार होती. गावात पान हलत नव्हतं. सुदेशचा श्वास संथ चालला होता. झोपेतच त्याने कूस बदलली आणि हात तिच्या अंगावर टाकला.

"झोप गो," तो पुटपुटला.

"येत नाही," ती म्हणाली.

तिने आणखी वाट पाहिली. पोट जड झालं होतं, एवढंच. मनवा तशीच्या तशी डोळ्यांपुढे होती, एसटीच्या खिडकीतून हात हलवणारी. काहीही धूसर होत नव्हतं, काहीही लांब जात नव्हतं. आवाजसुद्धा सगळे ऐकू येत होते. भिंतीवरची पाल, परसातलं माडाचं वाळलेलं झाप, आणि त्यापलीकडे, खाडीच्या मुखाशी, पाणी वळल्याचा तो बारीक आवाज.

भरती लागली होती.

ती उठून दारात आली. चिखलात लांबवर सुगंधाकाकू आणि तिच्याबरोबरच्या बाया बसलेल्या दिसत होत्या. टोपल्या मांडीत, माना खाली. पाण्याची चकचकीत कड त्यांच्याकडे सरकत होती. दर्शनाने दारातूनच हाका मारल्या. एकीने मान वर केली, हात हलवला आणि पुन्हा खाली घातली.

दर्शनाने पदर खोचला आणि पळत जाऊन चिखलात उतरली. बाया पाच होत्या, आणि ती एकटी.